पहिला घोट

आधी कोण प्यायलं, आपण की यांकी, एवढ्या एका प्रश्नापायी पेल्डनच्या डोळ्याला तीन रात्री डोळा लागला नव्हता.

प्रश्न असा, की कुणाला सांगितला असता तर समोरच्याला हसूच आलं असतं. दिरांगला शिक्षकांचं शिबिर झालं होतं, तिथल्या बायकांना तर नक्कीच. त्या शिबिरात पेल्डननेच 'अंधश्रद्धा आणि आरोग्य' असा तक्ता रंगवला होता आणि पहिलं बक्षीस म्हणून स्टीलचा डबा आणला होता. आता तीच बाई झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून पडून राहायची आणि त्या दुपारचे दोन वाडगे पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणायची. एक मोठा, एक छोटा. मोठा आपल्या हातात होता. छोटा यांकीच्या. आणि मग? इथे येऊन गाडं अडायचं.

त्याचं झालं असं.

ऑक्टोबर सरत आला होता. मका उतरला होता, लुम्झांग गावाच्या छपरांवर मिरच्या वाळत होत्या आणि वरच्या खिंडीतली निळी फुलं पहिल्या हिवाने काळी पडून गेली होती. साडेचार वर्षांची यांकी तीन दिवस तापाने फणफणत होती. आरोग्य केंद्रातला कंपाउंडर सणाला म्हणून खाली गेला, तो परतला नव्हता. नवरा ग्योम्बू सेला घाटाच्या पलीकडे रस्त्याच्या कामावर. घरात पेल्डन आणि तिची सासू. सासूला ती लेकीसारखंच 'आबी', म्हणजे आजी, म्हणायची.

"वरचीकडून पांढरं मूळ आण," आबी पेमू म्हणाली. "मागच्या दाराने जा. दगडावर लोण्याचा गोळा ठेव, खोक आणि बाजूला हो. ती मूळ ठेवून आत गेली की उचल. तिच्या हातातून काही घेऊ नकोस. आणि चहाला बस म्हणाली तर..."

"म्हणजे औषध चालतं, चहा चालत नाही?"

"औषध वेगळं."

"हात तेच ना, आबी?"

"तुझ्या शाळेत विचार हे. तिथे पोरं मान हलवतात."

वरची म्हणजे थिनले. गावाच्या माथ्यावरच्या शेवटच्या घरात एकटी राहणारी म्हातारी. तिचं नाव कुणी घेत नसे. तिच्या घरात 'दुक' आहे म्हणत. दुक म्हणजे विष, पण बाटलीतलं नव्हे. घरात वस्तीला असलेलं, आईकडून लेकीकडे जाणारं. ते ज्या घरात असतं त्या घरच्या बाईला अधूनमधून कुणाला तरी द्यावंच लागतं, आणि दिलं की घराची भरभराट होते, असं गाव सांगे. थिनलेची भरभराट म्हणजे एक गळकं छप्पर आणि एक भाकड गाय. पण हा हिशेब गावात फक्त पेल्डनने केला होता.

खरं तर गाव थिनलेच्या बोटांवर जगत होतं. खिंडीत बचनाग उगवतो. काळ्या मुळाचा आणि पांढऱ्या मुळाचा. काळ्याचा लेप पूर्वी अस्वल मारायच्या बाणाला लावत. फुलांच्या दिवसांत याक घेऊन खिंड ओलांडणारे आजही नाकाला फडकं बांधतात, कारण नुसत्या वाऱ्यानेसुद्धा चक्कर येते म्हणतात. पांढरं मूळ तापावर, सडक्या मांसाच्या बाधेवर आणि काळ्या मुळावर उतारा म्हणून चालतं. दोन्ही दिसतात सारखी, आणि ओळखणारी एकच बाई उरली होती. तिला मागच्या दाराने लोणी मिळत होतं.

पेल्डनचं डोकं सणकलं. तिने यांकीला पाठीशी बांधलं आणि भर दुपारी, नळावरच्या सगळ्या बायकांच्या समोरून, वरचीच्या पुढच्या दाराकडे निघाली.

"मास्तरीणबाई, वाट चुकलात! मागचं दार तिकडून!"

"दार कुठे आहे ते दिसतं मला."

"दिसतं हो. चष्मा आहे ना!" मागे खसखस पिकली.

दार उघडंच होतं. आत धुराचा, ओल्या मातीचा वास होता आणि त्याच्या तळाशी काहीतरी असं गोडसर कडवट, की जिभेच्या टोकाला नुसत्या वासानेच झिणझिण्या याव्यात. चुलीवरच्या आढ्याला मुळांच्या माळा लोंबत होत्या. काही पांढऱ्या लोकरीत ओवलेल्या, काही याकच्या काळ्या केसांत.

"सारखीच दिसतात की दोन्ही," पेल्डन म्हणाली.

"दिसतात," थिनले म्हणाली. "म्हणून तर मला जगवलंय लोकांनी."

पेल्डनला हसू आलं. थिनलेने पाठीवरच्या पोरीच्या कपाळाला हात लावला नाही. दुरूनच न्याहाळलं आणि म्हणाली, "उतरेल. पहिलंच पोर ना तुझं? तुलाच जास्त ताप आहे."

मग तिने टोपलीतून मातीने माखलेली मुळांची जोडी काढली. दोन मुळं एकमेकांना चिकटलेली, एक सुरकुतलेलं, एक टचटचीत.

"ही आई," सुरकुतलेल्यावर नख ठेवत ती म्हणाली. "आणि ही लेक. दर साली आई लेकीत सगळं ओतते आणि मातीत कोरडी पडते. खणणाऱ्याने लेक घ्यायची. आईत काही उरलेलं नसतं."

"विषसुद्धा?"

"विष तर सगळ्यांत आधी जातं."

तिने चहा ओतला. मोठा वाडगा दोन्ही हातांनी उचलून स्वतःच्या ओठांकडे नेला. ही त्या मुलखाची रीतच. कुठल्याही घरी जा, यजमानाने पहिला घोट घ्यायचा आणि मग वाडगा पाहुण्यापुढे करायचा. का, ते कुणी बोलत नाही. पण या म्हातारीला आपल्यासमोर ते करताना पाहून पेल्डनला भरून आलं, आणि भरून आलं की ती चिडायची. तिने थिनलेचं मनगट धरलं.

"माझ्यापुढे हे नको."

"रीत आहे, बाई."

"तुमच्याकडे कुणी चहाला येत नाही आणि रीत कसली पाळताय? घोट नको."

थिनले थांबली. वाडगा ओठांपासून वीतभर दूर.

"पुन्हा म्हण."

"घोट नका घेऊ."

"अजून एकदा... नीट विचार करून."

विचार करायचा तर पेल्डनचा स्वभावच होता. रात्रंदिवस तेवढंच करायची ती. पण त्या क्षणी तिला फक्त नळावरची खसखस ऐकू येत होती. "माझा विश्वास आहे तुमच्यावर," ती जवळजवळ ओरडलीच. "घोट नको!"

म्हातारीचे खांदे खाली आले. कपाळाचा पट्टा सोडून कुणी भरल्या टोपलीचं ओझं जमिनीला टेकवावं, तसे. "छप्पन्न वर्षं," ती पुटपुटली. मग तिने मोठा वाडगा पेल्डनला दिला, छोटा भरून पाठीवरून उतरवलेल्या यांकीपुढे ठेवला आणि मूळ उगाळायला बसली.

आणि इथेच ते राहून गेलं. पेल्डन होती आई, तीही काळजीने पोखरलेली. तिची नजर म्हातारीच्या हातांवर खिळली होती. कुठल्या माळेतून मूळ काढलं? पांढऱ्या. नक्की पांढऱ्या? हो, पांढऱ्याच. मधात कालवलं, पोरीच्या जिभेला लावलं. मान वळवली तेव्हा यांकीच्या वरच्या ओठावर लोण्याची मिशी होती आणि आपल्या हातातला वाडगा अर्धा झाला होता. कधी, ते आठवत नव्हतं.

दिवस कलायच्या आत ताप उतरला.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आबी पेमू लोणी घुसळत होती. तिने मान वर केली नाही.

"घोट घेतला तिने?"

"नाही. मीच नको म्हटलं."

रवी थांबली. "कितीदा?"

"तीनदा. तिनेच..."

"पोर काय प्यायली?"

"चहा. आबी, ताप उतरलाय तिचा, बघा तरी."

"आधी कोण प्यायलं?"

पेल्डनने यांकीच्या ओठावरची मिशी बोटाने पुसली.

"घोट म्हणजे काय वाटलं गं तुला?" आबी उठून उभी राहिली. "पाहुण्याची राखण? तो तिचा लगाम होता! घोट घेतला की जे आहे ते तिच्यापाशीच राहतं, नाही घेतला की पिणाऱ्याला बाधतं. पण ते कायमचं काढून दुसरीला द्यायला 'घोट नको' असं तीनदा म्हणणारं कुणीतरी लागतं, तेही आपखुशीने. इतकी वर्षं तशी वेडी तिला भेटली नव्हती. शेवटी शिकलेली भेटली!"

"हे खरं असेल तर माझ्यापाशी येईल ना? येऊ दे की."

"आधी पिईल तिच्यापाशी जातं."

"पुरे झालं!" पेल्डनचा आवाज फाटला. "एका म्हातारीला आयुष्यभर मागच्या दाराशी बसवलंत, पोट नाही भरलं? आता माझ्या पोरीवर आलात?"

आबीने फळीवरून यांकीचा लाकडी वाडगा काढला, बुडाला काजळीचं बोट ओढलं आणि खाली, वेगळ्या कोनाड्यात ठेवून दिला.

"आबी, माझा वाडगा तिकडे का?" यांकीने विचारलं.

पेल्डनने तो उचलून परत वर ठेवला. सकाळी तो पुन्हा खाली होता.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत यांकीने भाजलेला मका वाटायला काढला, तर पोरांनी हात मागे घेतले. चार-पाच वर्षांची पोरं. त्यांना दुक शब्द नीट म्हणता येत नव्हता, पण हात मागे घेता येत होता. यांकी मुठीत मका घेऊन घरी आली. रडली नाही. मकाही खाल्ला नाही. आबीच्या जाण्यायेण्याकडे बघत बसून राहिली. पेल्डन मात्र चुलीपाशी बसून हुंदके देत बोलत होती, "सगळं तुझ्या आबीचं काम. तिचीच जीभ. झडत कशी नाही ती एकदाची!" बोलून झाल्यावर तिला लाज वाटली. मुलांसमोर असं बोलू नये, हे शिबिरात तिनेच इतरांना सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, वरचीच्या घरातून कालपासून धूर निघालेला नाही. म्हणालं आणि कामाला गेलं.

सकाळी दहाच्या सुमाराला पेल्डन वर निघाली. धुकं इतकं दाट होतं की पुढचा दगड पाय लागल्यावर कळत होता. वाटेत एकाही घराचं दार उघडं नव्हतं, पण दारांमागे माणसं उभी आहेत हे तिला कळत होतं. तिला भीती वाटत नव्हती. संताप इतका होता की भीतीला जागाच नव्हती. निदान ती तसं स्वतःला सांगत होती.

थिनले चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. चेहरा निवांत. पेल्डनने हाक मारली, मग खांदा धरला. खांद्यात काही नव्हतं. म्हणजे हाड होतं, कातडी होती, पण वजन असं काही नव्हतंच. हात लावताच ती एका कुशीवर कलली. वाळकं पान कलतं तशी, आवाज न करता.

चूल थंड होती. राखेवर हिवाचा पांढरा थर धरला होता. आणि खोलीत फुलांचा वास होता. खिंडीतल्या निळ्या फुलांचा, भर बहरातला. ती फुलं संपून दोन आठवडे झाले होते.

पेल्डनने आढ्याकडे पाहिलं. पांढऱ्या लोकरीच्या माळा जागच्या जागी होत्या. काळ्या केसांच्या दोऱ्याही होत्या. दोऱ्यातली प्रत्येक गाठ तशीच पक्की होती, दोन गाठींमध्ये मुळाएवढी जागा होती... आणि मूळ एकही नव्हतं. खाली जमिनीवर नव्हतं, टोपलीत नव्हतं, राखेत नव्हतं. उंदरांनी नेलं असेल, ती मोठ्याने म्हणाली. उंदीर दोरी न कुरतडता मूळ कसं काढेल, हे मात्र ती मोठ्याने म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या गोम्पातून लामा आले, तेव्हा कुठे गाव हललं. चौघांनी नाकाला फडकी बांधून तिला उचललं. फुलांच्या दिवसांत खिंड ओलांडताना बांधतात, तशी. जाळून आल्यावर खांदेकऱ्यांना चहा द्यायचा तो मयताच्या घरच्यांनी. घरचं कुणी नव्हतंच. सगळे घुटमळले.

"माझ्या घरी या," पेल्डन म्हणाली.

मुखिया दोर्जी खोकला. "मास्तरीण, कशाला उगाच तुम्हाला त्रास..."

"त्रास कसला? माझी चूल, माझं लोणी. आणि वाडगा माझी लेक देईल." ती लामांकडे वळली. "की तिच्या हातचंही चालत नाही आता गावाला? लामांसमोर सांगून टाका."

लामांसमोर कोण काय सांगणार? पेल्डनने नेम धरूनच बाण सोडला होता. ज्याच्या हातचा चहा गावाने चारचौघांत घेतला, त्याला मग गावाला बोट लावता येत नाही. आज प्यायले तर पोर सुटली. नाही प्यायले, तर ही साडेचार वर्षांची पोर जन्मभर मागच्या दाराची.

चहा तिने स्वतः केला. पानं स्वतः टाकली, मीठ स्वतः चाखलं, लोणी स्वतः घुसळलं, भांड्यापासून क्षणभर हलली नाही. वाडगे तिनेच भरले, एकाच किटलीतून. खोलीत सगळे भिंतीला पाठ लावून बसले होते. शोकसभेपेक्षा दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. आबी पेमू कोपऱ्यात तोंड फिरवून बसली होती.

यांकी पहिला वाडगा घेऊन मुखियासमोर उभी राहिली. मुखियाचे हात मांडीवरून उठेनात. पेल्डन मनात म्हणत होती, घे, मेल्या. घे.

तेव्हा यांकीने वाडगा आपल्या ओठांना लावला. एक घोट घेतला, गिळला, आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुखिया खदखदून हसला. "बघा! मास्तरणीला रीत येत नाही, पण लेकीला येते!" त्याने वाडगा घेतला आणि प्यायला. खोलीचा श्वास सुटला. लामा हसले. यांकीने त्यांच्या वाडग्यातलाही घोट घेतला. मग खांदेकऱ्यांच्या, मग नळावर चष्म्याची थट्टा करणाऱ्या त्या बाईच्या. एकेक घोट, एकेक वाडगा. तिच्या ओठावर लोण्याची मिशी जमली. "पोट फुटेल गं तुझं," कुणी म्हणालं. ज्या बायका दारात उभ्या होत्या त्या आत येऊन बसल्या. पेल्डन किटली धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला ते पुसायचं नव्हतं. बघू दे सगळ्यांना.

शेवटचा वाडगा आबी पेमूचा होता.

"घे गं पेमू," लामा म्हणाले, "नातीच्या हातचं आहे."

आबीने खोलीभर पाहिलं. सगळ्यांचे वाडगे रिकामे, सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे. मग तिची नजर यांकीवर आली आणि त्या कडक चेहऱ्यात काहीतरी विरघळलं. तिने यांकीला जवळ ओढलं, गालावरून हात फिरवला. "आण गं माझे सोने," ती म्हणाली. "म्हातारी मूर्ख असते. तुझा वाडगा मी उद्या राखेने घासून वर ठेवीन हं." आणि तिने चहा एका दमात संपवला.

बोलण्याचा गलका उठला. कुणीतरी मक्याचं पीक काढलं, कुणी रस्त्याचं. यांकी पळत येऊन आईच्या मांडीवर बसली. पेल्डनने तिला छातीशी घट्ट धरलं. जिंकलो, तिला वाटत होतं. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून जिंकलो. आज झोप लागेल.

पण ती जातिवंत काळजीवाली आई होती. पोरीने कितीदा तोंड लावलं, किती लोणी पोटात गेलं, हे तिने मनातल्या मनात घोटाघोटाने मोजलं होतं. आणि मोजणीत कुठेतरी एक कमी पडत होता.

समोर आबी पेमू बोलताबोलता थांबली होती. ती ओठांवरून जीभ फिरवत होती. पुन्हा पुन्हा, मुंगी चावल्यासारखी.

पेल्डन लेकीच्या कानाशी वाकली. आवाज शक्य तितका सहज ठेवून म्हणाली, "यांकी... आबीच्या वाडग्यातला घोट घ्यायला विसरलीस ना गं?"

यांकीने हाताच्या पालथ्या बाजूने ओठावरची मिशी पुसली.

"नाही, आमा," ती म्हणाली. "विसरले नाही."